कुलदैवत जोतिबा, इष्टदैवत लिव्हरपूल

चॅम्पियन्स लीगचा सामना हिवाळ्यात इंग्लंडमध्ये रात्री आठला सुरू होतो, तेव्हा आपल्याकडे दीड वाजलेला असतो. डिसेंबरातली ग्वाल्हेरची थंडी, खिडकीबाहेर धुके, शेजारच्या खोलीत वडीलधारी माणसे झोपलेली. अशा वेळी जयेंद्रगंजातल्या एखाद्या मराठी घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आवाज बंद करून मोबाइलवर लिव्हरपूलची मॅच बघत असतो आणि गोल झाला की रजईत तोंड खुपसून ओरडतो. मध्यम आकाराच्या कुठल्याही भारतीय शहरात आज अशी मुले-मुली सापडतात. त्यांना घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : तुझा त्या लोकांशी संबंध काय? विचारणारा चिडून विचारतो, पण प्रश्न धर्मचिंतनातला आहे आणि जुना आहे. ज्याच्याशी जन्माचे, मातीचे, भाषेचे नाते नाही, त्याच्यावर खरी निष्ठा जडू शकते का, की ती निष्ठेची नुसती नक्कल असते? माझे म्हणणे असे की जडू शकते. ती खरी की खोटी हे मैलांवर ठरत नाही. त्या निष्ठेपायी भक्त स्वतः काय सोसतो, काय जाणून घेतो आणि काय करतो, यावर ठरते.

हा प्रश्न ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने तरी परका मानू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनहून येऊन किल्ल्याच्या पायथ्याशी तळ टाकला आणि त्या तळाचेच शहर झाले. जयेंद्रगंज ज्या भागात आहे त्याला आजही लष्कर म्हणतात. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. त्यांचे कुलदैवत जोतिबा, म्हणजे कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा. तिथले आजचे मुख्य मंदिर राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधले. ग्वाल्हेरपासून हा डोंगर हजार किलोमीटरहून लांब आहे. इथल्या कितीतरी मराठी घरांचे कुलदैवत असेच दूर, तुळजापूरला, जेजुरीला, कोकणातल्या एखाद्या गावात. पिढ्यान्‌पिढ्या दर्शन घडत नाही, तरी देव्हाऱ्यात टाक असतो आणि कुळाचार चालतो. अंतराने दैवत खोटे ठरते असे या घरांत कोणी म्हणत नाही. त्याहून बोलके उदाहरण महादजी शिंद्यांचे. जोतिबा त्यांना जन्माने मिळालेला होता. गुरुस्थानी मात्र त्यांनी बीडचे सूफी संत मन्सूर शाह यांना मानले. धर्म वेगळा, परंपरा वेगळी, आणि नाते पूर्णपणे निवडलेले. शिंदे घराण्याने ते पुढेही जपले. ग्वाल्हेरच्या गोरखी देवघरात मन्सूर शाहांची गादी आजही मानली जाते. आपल्या परंपरेने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत, कुळाने येते ते कुलदैवत आणि मन जडते ते इष्टदैवत. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा कमी लेखायचे कारण धर्मशास्त्रात मला तरी दिसत नाही. वारकरीही जन्माने होत नाही. माळ घालावी लागते, आणि घातल्यावर एकादशी व वारी पाळावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की संतांची निवड कुठे आणि फुटबॉल क्लबची कुठे! मुलाने लिव्हरपूल निवडले ते टीव्हीवर जिंकताना दिसले म्हणून. ही फळावर नजर ठेवून केलेली सकाम भक्ती झाली. आक्षेपात तथ्य आहे. उपग्रह वाहिन्या आल्या नसत्या तर भारतात हे वेड आलेच नसते, आणि वाहिन्या जिंकणाऱ्यांचेच सामने जास्त दाखवतात. इस्तंबूलला २५ मे २००५ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-३ ने मागे पडलेल्या लिव्हरपूलने मिलानशी ३-३ अशी बरोबरी साधून पेनल्टींवर युरोपचे विजेतेपद मिळवले. त्या एका रात्रीने जगभर या क्लबला किती चाहते मिळाले असतील! पण भक्तीचा उगम आणि भक्तीचा टिकाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवसाला पावला म्हणून देवाकडे वळलेला माणूस पुढे नवस विसरून देवाचाच होतो, हे आपल्या संतचरित्रांना नवे नाही. लिव्हरपूलने १९९० मध्ये इंग्लिश लीग जिंकली, ती पुन्हा जिंकायला २०२० उजाडले. मध्ये तीस वर्षे गेली. २००५ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा लीगचे विजेतेपद बघेपर्यंत सत्तावीस वर्षांचा झाला. या काळात २०१४ चा एप्रिल येऊन गेला, जेव्हा विजेतेपद हातातोंडाशी आले असताना चेल्सीविरुद्ध कर्णधार स्टीव्हन जेरार्डचा पाय घसरला आणि चेंडू गेला. नुसत्या विजयासाठी आलेल्याला क्लब बदलायला पैसा लागत नाही, जात-पंचायत आडवी येत नाही, कोणी विचारतही नाही. खरे तर परदेशी चाहत्याची परीक्षा इथे स्थानिकापेक्षा कठीण असते. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्याला गल्ली, शाळा, बाप-आजा बांधून ठेवतात. ग्वाल्हेरच्या मुलाला बांधणारे काहीही नाही. तरी तो राहतो, तेव्हा त्या राहण्यात त्याच्या इच्छेवाचून दुसरे काही नसते. अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९०८ च्या आपल्या निष्ठेवरच्या ग्रंथात निष्ठेच्या व्याख्येतच स्वेच्छा घातली आहे, आणि हरलेल्या पक्षावरच्या निष्ठेला त्याने मोठे स्थान दिले आहे. नारदांच्या भक्तिसूत्रांत भक्तीचे अकरा प्रकार सांगताना परमविरहासक्ती हाही एक प्रकार गणला आहे. दूर असणे हे तिथे भक्तीतले न्यून मानलेले नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. स्थानिक माणसासाठी क्लब हा जगण्याचा भाग असतो, त्याच्या सुखदुःखाची किंमत तो देहाने मोजतो. दूरचा चाहता फक्त आनंद उचलतो. लिव्हरपूलच्या जर्सीवर मागे, मानेच्या खाली, दोन छोट्या ज्योतींच्या मध्ये ९७ हा आकडा असतो. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात जाळीमागे चेंगरून जे मेले, त्यांची ही संख्या. सत्याण्णवावा त्या दिवशीच्या जखमांसह जगत राहिला आणि २०२१ मध्ये गेला. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर टाकला, एका खपाऊ वृत्तपत्राने त्यांना दारुडे आणि चोर ठरवले. लिव्हरपूलच्या लोकांनी त्या वृत्तपत्रावर घातलेला बहिष्कार अजून चालू आहे. मृतांच्या आई-बापांनी, भावंडांनी २७ वर्षे झगडून २०१६ मध्ये ज्यूरीकडून वदवून घेतले की ही माणसे बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. आता जयेंद्रगंजातल्या मुलाने ती जर्सी घातली आहे आणि मानेवरच्या आकड्याचा अर्थ त्याला ठाऊक नाही, तर त्याने फक्त कापड घातले आहे. तो अर्थ त्याने शोधला, वाचला, आणि गर्दीतल्या माणसाच्या जिवाला शासन किती स्वस्त समजते याची त्याला चीड आली, तर एक परके दुःख त्याच्यापर्यंत पोचले. मध्य प्रदेशात राहणाऱ्या मुलाला चेंगराचेंगरी म्हणजे काय हे इंग्लंडकडून शिकायची गरज नाही; दतिया जिल्ह्यातले रतनगड ग्वाल्हेरहून लांब नाही, आणि तिथे २०१३ च्या नवरात्रात पुलावर शंभराहून अधिक भाविक मेले. मात्र मेलेल्यांचे नाव निर्दोष करण्यासाठी सत्तावीस वर्षे लढायचे असते, हे त्याला हिल्सबरोकडून शिकता येते. भक्ती म्हणजे आराध्याच्या दुःखात वाटा घेणे असेल, तर तो वाटा दुरूनही घेता येतो. तो आपोआप मिळत नाही, इतकेच.

परके ते आपले कसे होणार, या शंकेला ग्वाल्हेरनेच एकदा उत्तर दिले आहे. मिरजेजवळच्या बेडगात १८४९ मध्ये जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणे शिकायला उत्तरेत गेले आणि ग्वाल्हेरच्या हद्दू-हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून घेऊन आले. पुढे मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, आणि पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. खाँसाहेबांच्या घराण्याशी या ब्राह्मण मुलांचे रक्ताचे नाते नव्हते, तरी आज ग्वाल्हेर घराण्याची गोष्ट त्यांच्यावाचून पुरी होत नाही. अर्थात बुवांनी वर्षानुवर्षे गळा घासला. सोफ्यावर बसून मॅच बघणे आणि ते एक नव्हे, हे मी मान्य करतो. ज्या निष्ठेतून भक्ताच्या हातून काहीच घडत नाही ती खरी असली तरी कोवळी असते. रात्री मॅच बघणारा सकाळी मैदानात उतरला, तिथल्या खेळाची घडण समजावून घेऊ लागला, की ती वाढीला लागते.

राहिला मालकीचा प्रश्न. क्लब म्हणजे धंदा, चाहता म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाने स्वतःला भक्त समजणे म्हणजे फसवणूक, असे पुष्कळ समंजस लोक म्हणतात. अबू धाबीच्या राजघराण्यातल्या पैशाने २००८ मध्ये मँचेस्टर सिटी घेतला, सौदी सरकारी निधीने २०२१ मध्ये न्यूकॅसल. यात आपणही आहोत. पुण्याच्या व्यंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये लँकेशायरचा ब्लॅकबर्न रोव्हर्स सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. हा क्लब १९९५ चा इंग्लंडचा विजेता. मालकी आल्यावर दोन हंगामांत, मे २०१२ मध्ये, तो प्रीमियर लीगमधून खाली गेला. ही घसरण पक्की झाली त्या सामन्यात क्लबच्या ईवुड पार्क मैदानावर प्रेक्षकांनी क्लबच्या रंगांचे कापड गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली, कारण मालकांचा धंदा कोंबड्यांचा. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी घसरला. मालकांनी क्लबमध्ये वर्षानुवर्षे पैसा ओतला हेही खरे आहे. तरी ब्लॅकबर्नच्या लोकांना क्लब पुण्याचा झाला असे एक क्षणही वाटले नाही. कागद पुण्याकडे, क्लब ब्लॅकबर्नकडे. ही विभागणी मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातले बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४ मध्ये संपले. त्याआधी शतकानुशतके वारकऱ्याने विठ्ठल आणि विठ्ठलाच्या दाराशी बसलेला या दोघांत गल्लत केली नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या बारा बड्या क्लबांच्या मालकांनी बंद दाराची सुपर लीग जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमधले चाहते रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. त्या सहांत लिव्हरपूलही होता. दूरच्या चाहत्याची कसोटी त्या दोन दिवसांत लागली. मालकांची मदार आपल्यासारख्यांवरच होती : आशियातल्या प्रेक्षकाला रोज बड्यांचीच लढत हवी असते, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी ज्याने स्थानिकांची बाजू घेतली तो भक्त. ज्याला रोज रियल माद्रिद बघायला मिळेल म्हणून बरे वाटले तो गिऱ्हाईक. दोघांच्या अंगावर जर्सी एकच होती.

क्लब देव आहे असे मी म्हणत नाही. मृत्यू, पाप, न्याय यांबद्दल क्लबजवळ सांगण्यासारखे काही नाही, आणि जो त्याच्याकडून ते मागेल तो मूर्तिपूजेच्या वाईट अर्थाने मूर्तिपूजक ठरेल. पण स्वतःच्या लाभाशी न जोडलेली निष्ठा कशी असते याचा सराव माणसाला कुठेतरी करावा लागतो, आणि आजच्या तरुणाला तो करायला फार जागा उरलेल्या नाहीत.

एक आक्षेप उरतो, तो मात्र मी खोडू शकत नाही. दूरच्यावर जीव लावताना जवळचे उपाशी राहते. भक्ती वाटल्याने आटत नाही, हे कोल्हापुरात दिसते. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियममध्ये घसा बसेपर्यंत ओरडणारे पेठकरी विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभारतात. वेळ आणि पैसा मात्र वाटल्याने आटतात. आणि ग्वाल्हेर हे खेळाचे ओसाड गाव नव्हे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४-१ विजयात दहा गोल करणारे रूपसिंह ग्वाल्हेर संस्थानच्या सैन्यात कॅप्टन होते. त्यांच्या नावाचे स्टेडियम लोकांना आठवते ते सचिनच्या २०१० मधल्या द्विशतकामुळे. ग्वाल्हेरच्याच कंपू भागात २००६ पासून राज्याची महिला हॉकी अकादमी आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली भारताची कर्णधार सुशीला चानू मणिपूरहून येऊन याच अकादमीत खेळली. त्या मुलींच्या सामन्याला तिकीट लागत नाही आणि रात्री दीडपर्यंत जागावेही लागत नाही. जयेंद्रगंजातल्या लिव्हरपूलच्या भक्ताने जर्सी जरूर घालावी, आणि तीच घालून पुढच्या सामन्याला कंपूच्या मैदानावर यावे.