जुने शस्त्र कोणाच्या हाती?



प्रत्येक शाळेत एक जडसंग्रह वही असते. बाके, फळे, कपाटे, पितळी घंटा, सारे काही तिच्यात नोंदलेले असते. एखादी वस्तू निकामी झाली की निर्लेखनाचा प्रस्ताव होतो, वरून मंजुरी येते, लिलाव होतो, आलेली रक्कम जमा केली जाते आणि वहीतील नोंदीवर तांबड्या शाईची रेघ ओढली जाते. त्या रेघेनंतर बाकाचा आणि शाळेचा संबंध संपतो. घेणाऱ्याने त्याचे सरपण केले काय किंवा ते चहाच्या टपरीपुढे मांडले काय, शाळेला कोणी दोष देणार नाही.

आता त्याच वहीत बाकाच्या जागी पिस्तूल लिहिलेले आहे, अशी कल्पना करा. पोलीस खात्याने ते काही वर्षे वापरले. नवे घ्यायचे ठरले, म्हणून जुने विकले, रक्कम जमा केली, रेघ ओढली. त्या रेघेने खात्याचा आणि त्या पिस्तुलाचा संबंध संपला काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेत तो रोज घडतो. त्या देशात लहानमोठी मिळून सुमारे १८,००० पोलीस खाती आहेत आणि आपल्या जुन्या शस्त्रांचे काय करावे, हे बहुतांशी प्रत्येक खाते आपल्यापुरते ठरवते. शस्त्रे बदलण्याच्या लाटा तिथे वारंवार आल्या. १९८६ साली मायामी येथे झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले, त्यानंतर पोलिसांनी रिव्हॉल्व्हर टाकून पिस्तुले घेण्याचा वेग वाढला. १९९० साली .४० बोअरचे काडतूस निघाले आणि अनेक खाती तिकडे वळली. पुढे २०१४ नंतर एफबीआय ९ मिलिमीटरकडे परतली, तेव्हा तीच खाती पुन्हा मागे फिरली. प्रत्येक लाटेत जुन्या शस्त्रांचा ढीग मागे उरला.

या ढिगाचे काय होते? आपल्याकडे पितळेची जुनी भांडी मोडीत देऊन नवे भांडे घेतात, तसाच तो व्यवहार आहे. जुनी पिस्तुले व्यापाऱ्याला द्यायची, त्याने त्यांची किंमत नव्या पिस्तुलांच्या बिलातून वजा करायची. फरक एवढाच की मोडीत दिलेले भांडे भट्टीत जाऊन वितळते, आणि मोडीत दिलेले पिस्तूल मात्र मोडत नाही. व्यापारी ते पुसून, तेल घालून दुकानात मांडतो. पोलिसाचे पिस्तूल वर्षानुवर्षे कमरेला असते, ते झाडण्याची वेळ क्वचित येते. म्हणून बाहेरून ते घासलेले दिसले तरी आतून बहुधा चांगले असते, आणि नव्यापेक्षा स्वस्त मिळते. पूर्वी ते पोलिसांचे होते, हीच त्याची जाहिरात ठरते.

पुढे ते कुठे जाते? २०२४ साली सीबीएस न्यूज, द ट्रेस आणि रिव्हील या वृत्तसंस्थांनी अमेरिकेच्या केंद्रीय शस्त्र खात्याची आकडेवारी प्रसिद्ध केली. ती मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. २००६ ते २०२२ या काळात गुन्ह्यांच्या तपासात सापडलेल्या शस्त्रांपैकी ५२,००० हून अधिक शस्त्रे एके काळी पोलिसांची होती, असे तिच्यातून दिसले. त्यांतली काही चोरीला गेलेली, काही हरवलेली होती. परंतु अनेक शस्त्रे खात्यांनी स्वतःच्या हाताने विकलेली होती.

आकडा डोळ्यांपुढून सहज निघून जातो, म्हणून एका पिस्तुलाची हकीकत सांगतो. वॉशिंग्टन राज्यात कॉस्मोपोलिस नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील पोलिसांनी एक ग्लॉक पिस्तूल घेतले होते. ते त्यांनी दुसऱ्या जातीच्या पिस्तुलाच्या बदल्यात देऊन टाकले. मधल्या दोन-तीन हातांतून फिरत ते अशा माणसाकडे पोहोचले, ज्याला कायद्याने शस्त्र बाळगण्याची मनाई होती. हा माणूस वंशद्वेष्टा होता. गोऱ्यांखेरीज इतर माणसे आणि ज्यू लोक जगण्यास अपात्र आहेत, असे तो मानी. १० ऑगस्ट १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्याने ज्यू समाजकेंद्रात शिरून गोळीबार केला. पाच जण जखमी झाले, त्यांत तीन लहान मुले होती. तेथून पळून जाताना त्याला एक पोस्टमन भेटला. तो फिलिपिनो वंशाचा होता. तो गोरा नव्हता, हे त्याला ठार करण्यामागचे एक कारण होते. पोस्टमनचा जीव घेणारे पिस्तूल कॉस्मोपोलिसच्या पोलिसांनी देऊन टाकलेले तेच होते. जन्मावरून माणसाला हीन ठरविणे म्हणजे काय, हे ज्यांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही, त्या आपल्या वाचकांना या हत्येचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या कुटुंबाने आणि जखमी मुलांच्या पालकांनी ग्लॉक कंपनीवर दावा लावला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो चालू ठेवण्यास परवानगी दिली. परंतु २००५ साली शस्त्र कंपन्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्याच्या आधारे २००९ मध्ये ग्लॉकविरुद्धचा दावा संपला. म्हणजे कायद्याच्या वहीतही रेघ ओढली गेली.

यापेक्षाही विचित्र उदाहरण न्यू ऑर्लिन्स शहराचे आहे. १९९८ साली शस्त्र कंपन्यांवर दावा लावणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. तुमच्या मालामुळे आमच्या गल्ल्यांत माणसे मरतात, हे त्याचे म्हणणे. आणि त्याच सुमारास त्याच शहराने पोलिसांची जुनी पिस्तुले, शिवाय गुन्हेगारांकडून जप्त केलेली हजारो शस्त्रे मोडीत देऊन नवी ग्लॉक पिस्तुले घेतली होती. एका हाताने तक्रार लिहायची आणि दुसऱ्या हाताने माल विकायचा! यात तेथील अधिकारी दुष्ट होते असे मी म्हणत नाही. ते काटकसरी होते. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

विकणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ते तीन गोष्टी सांगतात. पहिली, हा जनतेचा पैसा आहे, तो वितळवून टाकणे म्हणजे उधळपट्टी. त्या पैशात पोलिसांना गोळीरोधक जाकिटे मिळतात आणि त्यांचे प्राण वाचतात. दुसरी, २०१८ च्या एका अंदाजाप्रमाणे अमेरिकेतील नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक शस्त्रे आहेत. त्या समुद्रात पोलिसांची काही हजार म्हणजे एक थेंब. तिसरी, आम्ही परवानाधारक व्यापाऱ्यालाच विकतो, आमच्या मनात कोणाच्या हत्येचा विचारही नसतो.

तिसरा मुद्दा सर्वांत बळकट आहे आणि आपण बौद्धांनी त्याला उत्तर दिलेच पाहिजे, कारण चेतना हेच कर्म, असे आपणच सांगतो. ज्याच्या मनात हत्या नाही, त्याला दोष कसा द्यायचा?

याचे उत्तर अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीविकेत आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे व्यापार. शस्त्रांचा व्यापार त्यांत पहिला आहे. आता विचार करा, शस्त्र विकणाऱ्या कोणत्या व्यापाऱ्याच्या मनात हत्या असते? त्याला फक्त नफा हवा असतो. हत्या करणे तर पहिल्या शीलानेच वर्ज्य झाले होते. मग हा निराळा निषेध कशासाठी? तो त्या माणसासाठी आहे, ज्याचे हात स्वच्छ आहेत, मनही कदाचित स्वच्छ आहे, परंतु ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या हत्येवर भाजली जाते. वस्तू कशासाठी बनली आहे हे ठाऊक असताना, ती कोणाच्याही हाती जाऊ देण्याचा मोबदला घेणे, हाच तो दोष होय. आपला हेतू वाईट नव्हता, एवढे म्हणून तो जात नाही.

यावर कोणी म्हणेल, राज्य म्हणजे काही उपासक नव्हे. खरे आहे. राज्याला शस्त्र लागते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिले आहे की, तथागतांनी अहिंसा आंधळा नियम म्हणून नव्हे, तर तत्त्व म्हणून सांगितली आणि हत्येची इच्छा व हत्येची गरज यांत भेद केला. पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल या गरजेच्या आधारावरच उभे आहे. ती गरज खोटी नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या स्वयंचलित रायफलींपुढे आपले पोलीस जुनी .३०३ घेऊन उभे होते, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा शस्त्र बदलूच नये, असे माझे म्हणणे नाही. बदलावे, जरूर बदलावे.

परंतु नेमके इथेच पाहा. शस्त्राचे समर्थन गरजेने होते. ज्या दिवशी खाते लिहून देते की हे शस्त्र आम्हांला आता लागत नाही, त्या दिवशी ते समर्थन संपले. गरज संपली, शस्त्राची मारण्याची शक्ती मात्र तेवढीच राहिली. आता ते विकले तर गरजेसाठी दिलेली वस्तू नफ्यासाठी वापरली, असे होते. राज्याच्या हाती शस्त्र होते ते विश्वस्त म्हणून, मालक म्हणून नव्हे. बाक विकता येते, विश्वास विकता येत नाही.

थेंबाचा मुद्दाही यातच सुटतो. समुद्रात विष आधीच आहे, म्हणून सरकारी दवाखान्याने आपल्याकडचे उरलेले विष बाजारात विकावे, असे कोणी म्हणेल काय? आणि काटकसरीचे म्हणाल, तर एका पोलिसाचे जाकीट ज्या पैशात आले, त्याच पैशातून निघालेली गोळी दुसऱ्या पोलिसाला लागू शकते. अमेरिकेतील पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच १९९८ साली ठराव करून, नको असलेली शस्त्रे नष्ट करावीत, असे आवाहन केले होते. पोलिसांना ही गोष्ट बाहेरच्यांनी शिकवलेली नाही.

नष्ट करणे शक्य आहे काय? आहे. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्याने वर्षानुवर्षे जप्त व जमा शस्त्रे पोलाद कारखान्यात वितळवली आणि त्यांच्या सळया पूल व रस्त्यांच्या कामी लागल्या. मात्र इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. अमेरिकन कायद्यात पिस्तुलाचा सांगाडा हेच शस्त्र मानले जाते. तेवढा तुकडा चिरडला की कागदोपत्री शस्त्र नष्ट झाले. उरलेली नळी, घोडा, स्प्रिंगा विकता येतात आणि नव्या सांगाड्यावर पुन्हा पिस्तूल उभे राहते. २०२३ साली हा प्रकार वृत्तपत्रांतून उघड झाला. आणि काही राज्यांत तर नष्ट करण्यालाच बंदी आहे : टक्सन शहर जप्त शस्त्रे नष्ट करीत होते, तेव्हा २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला.

आपल्याकडे .३०३ रायफल आणि पोलिसांची जुनी .४१० मस्केट यांना शस्त्र नियमांत निषिद्ध बोअर ठरविले आहे, त्यामुळे त्या दुकानाच्या काचेआड येत नाहीत. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी .३०३ ला निरोप दिला, तेव्हा ती बाजारात उतरली नाही. परंतु यावरून फुशारकी मारू नये. हा निर्बंध सरकारी काडतुसे बाहेरच्या शस्त्रांत जाऊ नयेत या भीतीतून आला आहे. भीतीने केलेला नियम भीती संपली की बदलतो. विवेकाने केलेला टिकतो.

वाचकहो, अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. तथागतांच्या शब्दांनी त्याचे मन पालटले, तेव्हा त्याने आपली तलवार आणि आयुधे खोल दरीत फेकून दिली. चांगल्या पोलादाला तेव्हाही गिऱ्हाईक मिळाले असते. त्याने भाव विचारला नाही, कारण आपण शस्त्र सोडले आणि ते दुसऱ्याच्या हाती गेले, तर हत्या थांबत नाही, केवळ मारणारा बदलतो.

राज्याने दरी शोधायला नको, भट्टी पुरे. नव्या शस्त्राच्या खरेदीतच जुने समूळ वितळवण्याचा खर्च धरावा आणि वहीत रेघ ओढण्यापूर्वी ते वितळले आहे, हे पाहणाऱ्याची सही घ्यावी. तो खर्च आपल्या करातून जाईल. तो आपण आनंदाने द्यावा, कारण तो वाचवला, तर वाचलेला प्रत्येक रुपया शस्त्राच्या व्यापारातून आपल्या घरात आलेला असेल.