मधल्या फळीतले नायक

२०१९ साली आलेल्या 'एएफके अरेना' या मोबाइल गेममध्ये वायल्डर गटातला आर्डन नावाचा एक नायक आहे. सुरुवातीच्या लढायांत तो वेलींनी शत्रूला जखडतो आणि मी त्याच्यावर विसंबून असते. पण त्याच्या बढतीला हद्द आहे: 'लेजंडरी प्लस'. पुढे त्याचा उपयोग मुख्यतः एकच, गटातल्या वरच्या नायकाच्या बढतीसाठी खर्ची पडणं. खेळाडू अशांना सरळ 'फॉडर', म्हणजे चारा म्हणतात.

माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असं कांटने १७८५ मध्ये मांडलं. आर्डन माणूस नाही, त्यामुळे त्याच्यावर अन्याय होत नाही. मग खटकतं काय? ती नजर. रोज यादी चाळताना प्रत्येक चेहऱ्याला एकच प्रश्न: तू कुणाच्या कामी येशील? ऑफिसातल्या 'रिसोर्स' या शब्दामागे हीच नजर असते.

आर्डनची हद्द खेळ बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलेली आहे. माणसाची हद्द मात्र 'हा इथवरच' म्हणत आपण आखतो आणि मग संधी नाकारून ती खरी करून दाखवतो. म्हणून आर्डनला मी बिनदिक्कत खर्ची घालते. माणसांची यादी तशी चाळायचा हक्क मला नाही.