उकाडा कोणाच्या दारात?

मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एसीला चैन म्हणणे सोपे राहत नाही. घरात आजारी म्हातारे माणूस असेल तर ती गरजच. पण खोलीतून काढलेला उकाडा जातो कुठे?

एसी हा मुळात हीट पंपच. मोटेने पाणी उपसावे तशी तो उष्णता उपसतो, तीही उलट्या दिशेने. थंडाकडून गरमाकडे उष्णता आपणहून जात नाही, हे क्लाउझियसने १८५० मध्ये मांडले. न्यायची तर वीज लागते. चांगले यंत्र १ युनिट विजेत सुमारे ३ युनिट उष्णता घराबाहेर काढते आणि त्या विजेचीही अखेर उष्णताच होते. म्हणजे बोळात पडतात ४.

बिदर सुमारे सातशे मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा कधीकधी दहाच्याही खाली उतरतो. दोन्हीकडे चालणाऱ्या यंत्राची झडप तेव्हा उलटी फिरवली, की बाहेरच्या गार हवेतली उष्णता घरात येते. साध्या हीटरच्या तिप्पट ऊब तेवढ्याच विजेत. हा फायदा खरा आहे. पण इकडे हिवाळा किती दिवसांचा आणि उन्हाळा किती महिन्यांचा, हे काय सांगायचे!

बाहेर टाकलेल्या या उकाड्याचा प्रश्न धर्माचाही आहे, आणि त्याची चर्चा करायला बसवकल्याणसारखे गाव नाही. याच जुन्या कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. वारसाहक्कासाठी ती गाजली, पण तिच्यात सीमाविवादाचेही प्रकरण आहे. शेताचा बांध कोणी कोरला तर काय करायचे, हे शास्त्रकारांना ठाऊक होते. उष्णतेला मात्र बांध नाही. ती कोणाच्या खिडकीत शिरली, याचा पंचनामा कोण करणार?

पुढे बाराव्या शतकात त्याच कल्याणात बसवण्णांच्या भोवती शरण, म्हणजे शिवभक्त, जमले. त्यांनी कायक आणि दासोह ही जोडी सांगितली: कष्टाने मिळवा, गरजेपुरते ठेवा, उरलेले समाजाला द्या. एसीत हे नेमके उलटे होते. गारवा आपल्याकडे राहतो आणि समाजाला मिळते ती उरलेली धग; तीही पहिल्यांदा त्याला, ज्याच्याकडे एसी नाही आणि डोक्यावर पत्रा आहे. त्या पत्र्याखालच्या माणसाला या व्यवहारात कोणी विचारलेले नसते. तरी यंत्र वापरण्यात पाप नाही. निष्काळजीपणे वापरण्यात अन्याय आहे.

१ जानेवारी २०२० पासून देशात घरगुती एसी २४ अंशांवर लावूनच विकावे लागतात. तो आकडा अठरावर नेण्याचे काही कारण नाही. शहाबादी फरशी आणि जाड भिंतींच्या या मुलुखात नवे घर बांधणाऱ्याने आधी गच्चीला चुना द्यावा, पश्चिमेचे ऊन अडवावे, मग उरलेल्या उकाड्यापुरते यंत्र घ्यावे. आणि त्याचा बाहेरचा डबा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर बोळात न टांगता गच्चीवर मोकळ्या हवेत बसवावा.