फावडं कुणी उपटायचं?

रविवारी पहाटे मी बोम्मसंद्र्याहून सायकल काढतो. होसूर रस्त्यावर तेव्हा फक्त मालमोटारी असतात. तो ओलांडून औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्ल्यांतून गेलं की तळी लागतात. इथे त्यांना केरे म्हणतात. चंदापुऱ्याचं केरे दिसण्याआधी त्याचा वास येतो. २०२२ साली हरित लवादाने या तळ्याच्या नासाडीबद्दल राज्य सरकारला पाचशे कोटी भरायला सांगितलं होतं. मी तिथे पायडल जरा जोरात मारतो, एवढाच माझा त्या प्रकरणाशी संबंध, असं मला बरेच दिवस वाटत असे.

एकदा भाचीकडे अल्मेरला गेलो होतो. नेदरलँड्सच्या फ्लेवोलँड प्रांतातलं हे शहर. तिथली जमीन १९६८ साली कोरडी झाली, म्हणजे मी सहा वर्षांचा असताना तिथे पाणी होतं. बांधावरून लेलिस्टाडपर्यंत सायकलचा सुरेख रस्ता आहे. डावीकडे मार्करमेरचं पाणी, उजवीकडे त्या पाण्याच्या पातळीहून कितीतरी खाली असलेली जमीन. भाची म्हणाली, "मामा, आमचं घर तळ्याच्या तळाशी आहे, सवय होते." उजव्या हाताला मैलोगणती दलदल लागली, गवत, हंस, बगळे. ही जागा मुळात कारखान्यांसाठी राखलेली होती. कारखाने आले नाहीत, पाणी साचत गेलं, पाखरं उतरली, आणि लोकांनी ती तशीच राहू दिली.

मला लगेच आमची वसाहत आठवली. तिथे कारखान्यांच्या जागी पाणथळ, इथे पाणथळीच्या जागी कारखाने. परत आल्यावर मी ही तुलना भेटेल त्याला ऐकवली. ती ऐकवताना आपण शहाण्यांच्या बाजूला उभे आहोत असं वाटतं, हा तिचा मुख्य फायदा.

पण ती टिकेना. त्या दलदलीत घोडे, गुरं, हरणं सोडली होती, निसर्गाने आपलं बघावं म्हणून. भोवती कुंपण होतं. २०१७-१८च्या हिवाळ्यात चारा संपला आणि तीन हजारांवर जनावरं गेली. बहुतेकांना उपासमारीतून सोडवण्यासाठी गोळ्या घालाव्या लागल्या. लोक कुंपणावरून आत पेंढा टाकत होते. माणसाने बांधलेल्या जागेला निसर्ग म्हणून तिच्यातून अंग काढून घेता येतं का, हा प्रश्न त्या पेंढ्याबरोबर सगळ्यांसमोर येऊन पडला.

आणि आमची तळी तरी कुठे नैसर्गिक आहेत? बंगळूरला मोठी नदी नाही. जुन्या लोकांनी उताराला आडवे बांध घातले, एका तळ्याचं ओसंडलेलं पाणी राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या ओढ्यातून, खालच्या तळ्यात जाईल अशी साखळी केली. डचांनी पाणी हटवून जमीन धरली, इथल्यांनी जमीन अडवून पाणी धरलं. दोन्हीकडे धरून ठेवणं रोजचं आहे. तिकडे पंप थांबले तर पाणी परत येईल. इकडे गाळ काढला नाही तर तळं जाईल.

डच किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा ज्याला सांभाळवत नसे, तो त्यात फावडं रोवून निघून जाई. जो ते उपटेल त्याची जमीन, आणि त्याच्याच गळ्यात बांधाची देखभाल. जमीन घ्यायची आणि बांध शेजाऱ्यावर टाकायचा, ही सोयच नाही. रीत क्रूर आहे. बुडालेल्या शेतकऱ्याला ती घरादारासकट बाहेर काढते. तरी मला ती पटते, आणि तिची भीतीही वाटते.

आमच्याकडे तळ्याची दारं उघडणारा, पाणी वाटणारा नीरगंटी असे. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा. तो नाहीसा झाला म्हणून हळहळण्याची पद्धत आहे. मीही हळहळलो आहे. पण तो बहुतेक ठिकाणी दलित समाजातला असे, काम पिढीजात, मोबदला सुगीला मिळणारं धान्य. भिजलेली शेतं दुसऱ्यांची. म्हणजे आम्ही फावडं एकाच्या हातात कायमचं दिलं होतं आणि जमीन वेगळी ठेवली होती. तळी राखली जात, याचं कौतुक करताना ती कुणाच्या नाइलाजावर राखली जात, हे सोडून कसं द्यायचं? आजही नाल्यात उतरणारा माणूस कंत्राटी असतो आणि त्याचं घर त्या नाल्याच्या सखल अंगाला असतं.

माझं घर चौथ्या मजल्यावर आहे. आमच्या कुंपणाला लागून एक जुना कालवा जातो. पावसाळ्यात तो तुंबतो आणि पाणी पलीकडच्या पत्र्याच्या खोल्यांत शिरतं. आम्ही टँकरचं पाणी पितो. दरमहाच्या बिलात लिफ्ट आहे, जनरेटर आहे, टँकर आहे. गेल्या वर्षी सोसायटीच्या बैठकीत एका तरुण बाईंनी सुचवलं की घरटी दोनशे रुपये काढून कालवा साफ ठेवू, आणि त्यात उतरणाऱ्याला यंत्र, बूट, नीट मजुरी देऊ. कुणीतरी म्हणालं, तो कुंपणाबाहेर आहे, ते सरकारचं काम. हे खरंही आहे. आपण केलं तर सरकार आणखी निवांत होईल. मत झालं. मी हात वर केला नाही. तेव्हा मी अल्मेरहून येऊन दोन महिने झाले होते.

त्या बाईंनी विषय पुन्हा मांडलाय. बैठक येत्या रविवारी दहा वाजता आहे. सायकल नऊपर्यंत परत येते.