मोकळीक देताना काय राखून ठेवलं?

रात्रपाळी करून आलो की झोप येत नाही. कानात साचाखात्याची घरघर तशीच राहते. तिच्यावर उतारा म्हणून मी मोबाइलवर लुतोस्वाफ्स्की लावतो. हसू नका. वितोल्ड लुतोस्वाफ्स्की, पोलंडचा संगीतकार. 1913 साली जन्मला, 1994 साली गेला. मला नोटेशन वाचता येत नाही. पण या माणसानं एक प्रश्न माझ्या मागं लावलाय, तो तुमच्यापुढं टाकतो.

त्याची तिसरी सिंफनी 1983 साली शिकागोत पहिल्यांदा वाजली. सुरुवातीला एकच सूर, चार वेळा, घणाचे घाव पडावेत तसा. शेवटीही तेच चार घाव. मध्ये अशा जागा आहेत की कंडक्टर फक्त 'सुरू' अशी खूण करतो आणि ताल देणं सोडतो. मग ज्याची त्याची चाल. शेजारच्याशी जुळवायचं नाही. पुढची खूण होईपर्यंत रान मोकळं.

हे कळलं तेव्हा वाटलं, वा! मुकादम नाही, भोंगा नाही.

मग नीट पाहिलं. सूर सगळे त्यानंच लिहिलेत. वेळ तुमची, सूर माझे. अरे, आमच्या खात्यात दुसरं काय आहे? तुटलेला धागा आधी कुठला सांधायचा, फेरी कुठून मारायची, हे मी ठरवतो. सूत कुणाचं आणि भाव काय, हे मला कोण विचारतो? मग ही मोकळीक म्हणायची की गुंगीचं औषध?

आता रेकॉर्डिंगचं बघा. त्यानं स्वतः बर्लिनचा वाद्यवृंद घेऊन ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली. सालोनेननं लॉस एंजेलिसमध्ये केली. समजा त्या दिवशी बासरीवाला किंचित मागं रेंगाळला. मैफलीत ते हवेत विरलं असतं. रेकॉर्डवर तो जन्मभर तेवढाच मागं. एका दिवसाची मोकळीक दुसऱ्या दिवसापासून कायदा झाली. आणि कव्हरवर नाव कंडक्टरचं. बासरीवाल्याचं शोधून सापडत नाही.

पण दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐकली. त्या मोकळ्या जागा दोन्हीकडं सारख्या येत नाहीत. तिथं डोक्यात उजेड पडला. एकच रेकॉर्ड असली की तिची पोथी होते. दुसरी आली की पोथी फुटते. तो निनावी बासरीवाला तिथं मला भेटला. नाव नाही, पण त्याचा श्वास आहे.

आणि संगीतकाराला फसवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सूर माझेच, ते मी वाटून दिलेले नाहीत, हे त्यानं लपवलं नाही. 1981च्या डिसेंबरात पोलंडात लष्करी कायदा आला. कलावंतांनी सरकारी माध्यमांवर बहिष्कार टाकला, त्यात हाही होता. तिसऱ्या सिंफनीला 1985 साली अमेरिकेत दीड लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. ते पैसे त्यानं पोलंडच्या तरुण संगीतकारांना परदेशी शिकायला दिले. सूर राखले, पैसा वाटला. आमच्याकडं सूरही राखतात, पैसाही राखतात, आणि वर सांगतात, तुम्ही मोकळे आहात!

मित्रांनो, मला उत्तर पुरतं सापडलेलं नाही. एवढं कळलं की मोकळीक देणाऱ्याचे आभार मानण्याआधी विचारावं, बाबा, दिलंस काय आणि ठेवलंस काय? जो सरळ सांगतो, त्याच्याशी भांडता येतं. जो 'सगळं तुमचंच' म्हणतो, त्याच्यापासून सावध.

भोंगा व्हायची वेळ झाली. उठतो.