न झालेली जखम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला बेडसोअर होऊ द्यायचा नसेल, तर दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. चादर ओली झाली की लगेच काढायची, नवी घालताना तिला सुरकुती राहू द्यायची नाही, टाचा गादीवर टेकवून ठेवायच्या नाहीत, पाठ पुसून कोरडी करायची, पोटात पुरेसं अन्न जातंय का ते पाहायचं. हे सगळं दिवसातून बारा वेळा, रात्रपाळीतसुद्धा. थोडी हयगय झाली की माकडहाडावरची कातडी लाल दिसू लागते आणि तिकडंही दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत पोहोचते. पण सगळं नीट पार पडलं तर काहीच घडत नाही. पाठ होती तशीच राहते, रुग्ण घरी जातो आणि आपल्यासाठी कुणी इतकं राबलं होतं हे बहुतेकदा त्यालाही कळत नाही.

रुग्णालयात मायेनं काम करणाऱ्यांचं कौतुक करणं आपल्याला जमत नाही, त्याचं मोठं कारण मला इथं दिसतं. गौरवाला प्रसंग लागतो आणि चांगली शुश्रूषा म्हणजे पुष्कळदा वाईट प्रसंग टळणं. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार करायचा कसा, हे शिकायला समाजाला फार वेळ लागला. अजूनही आपण ते पुरतं शिकलेलो नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलला मात्र हे लख्ख कळलं होतं. 1859 साली निघालेल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये तिनं बजावलं आहे की रुग्णाला असा व्रण झाला तर दोष बहुधा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. जगानं तिची आठवण ठेवली ती क्रिमियन युद्धातली, स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात रात्री दिवा घेऊन फिरणारी. तिनं मांडलेले मृत्यूंचे तक्ते, हवा, पाणी, गटारं यांबद्दलचा तिचा हट्ट, हे सगळं त्या दिव्यामागे गेलं. गौरवाचा साचाही तिथंच पडला. 1912 मध्ये रेडक्रॉसनं तिच्या नावाचं पदक सुरू केलं, तेही मुख्यतः युद्धात आणि आपत्तीत दाखवलेल्या धैर्यासाठी.

हिंदुस्थानात अडचण आणखी खोल होती. दुसऱ्याचं मलमूत्र काढण्याचं काम जातीनं वाटून दिलेलं होतं. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणाऱ्या बाईला घरंदाज म्हणायला समाज तयार नव्हता. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचल्या आणि त्याच साथीत स्वतः गेल्या. ही कथा आपण त्यागाची म्हणून सांगतो. मला त्यात त्याहून मोठी वाटते ती त्या मुलाला उचलून घेण्याची कृती. शिवाशिवीच्या समाजात शुश्रूषेला प्रतिष्ठा मिळायची तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. ती झाली नाही. भोर समितीनं 1946 मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात परिचारिका होत्या सुमारे सात हजार, म्हणजे 43 हजार माणसांमागे एक.

भारत सरकारनं परिचारिकांसाठी राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला तो 1973 मध्ये. त्याच वर्षी 27 नोव्हेंबरला मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं अमानुष हल्ला केला. मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता मागू लागल्या. अरुणा मात्र पुन्हा भानावर आल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या, तोपर्यंतची जवळजवळ 42 वर्षं वॉर्ड क्रमांक 4 लगतच्या खोलीत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. मऊ केलेलं अन्न भरवलं, अंग पुसलं, केस कापले, कूस बदलली. महापालिकेनं त्यांना दुसरीकडे हलवायचं ठरवलं तेव्हा परिचारिका आडव्या आल्या आणि तो बेत बारगळला. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या. हल्ला झाला तेव्हा ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा मुली नोकरीला लागल्या आणि त्यांनीही हे काम आपलं मानलं.

दयामरणाच्या याचिकेवर 7 मार्च 2011 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं या कर्मचाऱ्यांची मनापासून प्रशंसा केली आणि अरुणा यांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार त्यांनाच असल्याचं मान्य केलं. याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांचाही हेतू कळवळ्याचाच होता, हेही इथं सांगायला हवं. अशा जगण्याबद्दल त्यांनी विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. पण त्या निकालात नोंदली गेलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: इतक्या वर्षांत अरुणा यांना एकही बेडसोअर झाला नव्हता. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठानं न झालेल्या जखमेची दखल घेतली. आणि हे श्रेय एका कुणाचं नव्हतं. ते पाळीनं येणाऱ्या आणि पाळी संपली की दुसरीच्या हाती काम सोपवणाऱ्या शेकडो जणींचं होतं.

प्रसंगातल्या धैर्याला मी कमी लेखत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, कामा रुग्णालयात गोळीबार चालू असताना परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन सुरक्षित ठेवलं; 2022 मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती हकिकत सांगितली. मान द्यायलाच हवा असं ते काम आहे. पण कामा रुग्णालयात त्याच्या आदल्या रात्रीही कुणीतरी ड्युटीवर होतं.

या रोजच्या कामाला साक्षीदार मिळाला तो रुग्णाच्या रूपानं. बॉस्टनचे वकील केनेथ श्वार्ट्झ यांना चाळिशीत फुप्फुसाचा कर्करोग झाला. 1995 मध्ये त्यांनी लेख लिहून आपल्या उपचारांची हकिकत मांडली. तिच्यात औषधांपेक्षा माणसं जास्त आहेत: आधी घाईत असलेली, मग थबकून हात हातात घेणारी नर्स, आणि तिच्यासारखे इतर. मृत्यूआधी त्यांनी स्थापन केलेली संस्था आजही अशा कर्मचाऱ्यांचा गौरव करते. 1999 मध्ये पॅट्रिक बार्न्स हा 33 वर्षांचा अमेरिकन तरुण गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना डॉक्टरांच्या कौशल्याइतकीच नर्सेसची माया आठवत राहिली. त्यातून ‘डेझी’ पुरस्कार उभा राहिला. त्यासाठी रुग्ण आणि नातेवाईक स्वतः नाव सुचवतात आणि काय घडलं ते लिहून देतात. कौतुकाची दिशा इथं बदलली. पदक वरून खाली येत होतं, आता खाटेवरून शब्द निघू लागला.

इंग्लंडला ही गोष्ट कडू अनुभवातून शिकावी लागली. मिड स्टॅफर्डशायरमधल्या रुग्णालयाचा चौकशी अहवाल 2013 मध्ये आला. आर्थिक उद्दिष्टांच्या मागे लागलेल्या व्यवस्थापनानं माणसं कमी केली आणि रुग्ण घाणीत, तहानलेले पडून राहिले, असं त्यात उघड झालं. तिथले सगळे कर्मचारी दुष्ट होते असं मानणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एका पाळीत हाताळता येतील त्याहून फार जास्त रुग्ण एकीच्या वाट्याला आले की माया असलेली बाईसुद्धा फक्त सलाइन बदलत धावते. त्याच वर्षी केट ग्रेंजर ही तरुण डॉक्टर कर्करोगामुळे स्वतः रुग्णालयात दाखल झाली. तिच्या खाटेशी येणारा जो तो आपलं नाव न सांगताच काम उरकत होता. तिच्या सांगण्यानुसार, आधी स्वतःची ओळख करून देऊन बोललेला पहिला माणूस होता तिला स्ट्रेचरवरून नेणारा पोर्टर. 2016 मध्ये ती गेली, पण रुग्णाला आपलं नाव सांगण्याची तिनं सुरू केलेली मोहीम जगभर पोहोचली.

त्या पोर्टरपाशी आपल्याला थांबायला हवं. आपल्या वॉर्डातले ‘मामा’ आणि ‘मावशी’ कुठल्याच पुरस्काराच्या यादीत नसतात. कितीतरी जण कंत्राटावर, ओळखपत्राची तारीख संपत आलेली. एका सरकारी रुग्णालयात थंडीच्या दिवसांत मी एका मावशींना पाहिलं होतं. स्टीलचं बेडपॅन म्हातारीखाली सरकवण्याआधी त्या त्यावर गरम पाणी ओतत, पुसत, मनगटाला लावून पाहत. गार पत्र्यानं आजी दचकतात, एवढंच त्यांनी सांगितलं. हे कुठल्या केसपेपरवर येणार?

अशा कामाची पावती म्हणून आपण हातात शंभराची नोट ठेवतो आणि पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या केबिनमध्ये नेतो. त्या नोटेमागची भावना चांगली असली तरी चहापाण्याची ही रीत घातक आहे, कारण ज्याच्या खिशात नोट नाही त्याची चादर मग उशिरा बदलते. टाळ्यांचंही तेच. कोविडच्या साथीत, 2020 च्या मार्चमध्ये आपण थाळ्या वाजवल्या आणि त्याच काळात परिचारिकांना भाड्याच्या खोल्या रिकाम्या करायला सांगणारे घरमालकही आपल्यातलेच होते. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री नजर टाकली की तो किती पाळला जातो हे कुणालाही दिसेल. भरती न करता 12 मे रोजी, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल देणं हा गौरव नव्हे.

पदं भरून घेण्याची मागणी आपण नागरिकांनी लावून धरायला हवी, आणि ती परिचारिकांच्या संघटनांवर सोडून चालणार नाही. दुसरं काम त्याहून सोपं आहे. घरचं माणूस बरं होऊन निघेल त्या दिवशी, किंवा ते वाचलं नाही तरी मन थोडं सावरल्यावर, अधिसेविकेच्या आणि अधीक्षकांच्या नावानं चार ओळींचं पत्र लिहा. ‘सगळ्यांनी छान काळजी घेतली’ असं मोघम लिहू नका. कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीत, कुणी नेमकं काय केलं ते लिहा, आणि त्याआधी मावशींना आणि मामांना त्यांचं पूर्ण नाव विचारून घ्या.