अनुमोदनाचा वाटा

मी नेब्रास्कात वळूंचे फोटो काढतो. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या पैदाशीचे हे वळू, बहुतेक अँगस जातीचे, काळेभोर आणि बिनशिंगी. वसंतातल्या लिलावांआधी इथले पशुपालक कॅटलॉग छापतात, त्यासाठी हे फोटो लागतात. आटपाडीला आईला फोनवर हे सांगितलं, तेव्हा तिनं पैशाचं विचारलं नाही. म्हणाली, "आन् फुडं त्या जनावराचं काय व्हतं रं?"

आई माळकरी आहे. तिला कत्तलखान्याचा पत्ता नको होता. ज्याच्या हातात सुरी नाही, त्याच्याकडे हत्येचा वाटा येतो का, हे तिला विचारायचं होतं. मी त्या प्रश्नाला उत्तर देणं लागतो.

आधी काम कसं चालतं ते सांगतो. वळू आडवा उभा हवा, चारही पाय वेगवेगळे दिसायला हवेत आणि पुढचे खूर किंचित उंचवट्यावर हवेत. कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीला, म्हणून मी गुडघ्यावर. ऊन माझ्या पाठीशी. लेन्स लांब पल्ल्याची, कारण जवळून रुंद लेन्स लावली तर डोकं मोठं होतं आणि मागचा भाग आक्रसतो. आणि गिऱ्हाईक तर पाठ आणि मागच्या मांड्या बघूनच पैसे मोजतं. सगळं जुळलं की समोरचा गडी मोबाइलवर वासराचं हंबरणं लावतो. वळूचे कान पुढे येतात, मान वर होते आणि मी बटण दाबतो. हे हंबरणं ऐकून तो मान वर करतो, ही गोष्ट मला अजूनही सहज घेता येत नाही.

तो त्या क्षणी देखणा असतो, यात शंका नाही. आमचे आजोबा खरसुंडीच्या यात्रेत खिल्लार खोंड पारखायचे तेव्हा शिंगं, वशिंड, खूर, चाल असं सगळं निरखायचे. जनावर बघायची नजर मला त्यांच्याकडूनच मिळाली. पण त्यांना पुढची काही वर्षं आपल्याबरोबर शेतात राबणारा बैल हवा होता. माझ्या फोटोतली पाठ कशासाठी बघितली जाते, हे मला ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, फोटोतला वळू तर जगतो. खरं आहे. पैदाशीचा म्हणून त्याला ठेवतात आणि नावाजलेला असेल तर त्याचं वीर्य हजारो गाईंपर्यंत जातं. म्हातारपणी तोही कत्तलखान्यालाच जातो, पण मधली वर्षं त्याला मिळतात. त्याच्या बहुतेक मुलग्यांना ती मिळत नाहीत. ते खच्ची केले जातात, फीडलॉटमध्ये मका खाऊन फुगतात आणि साधारण दीड वर्षाचे झाले की संपतात. त्यांचे असे फोटो कुणी काढून घेत नाही. कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा तेवढा असतो. नेब्रास्कात माणसं सुमारे २० लाख आणि गुरं ६० लाखांहून अधिक. त्या गुरांतल्या मूठभरांनाच माझ्यासमोर उभं केलं जातं. बापाचा मी काढलेला एक चांगला फोटो म्हणजे न दिसणाऱ्या कित्येक मुलांचा जन्म आणि त्यांचं मरणही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या बाबतीत घातक कोण कोण, त्याची यादी आहे. मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा हे तर त्यात आहेतच, पण सगळ्यांच्या आधी येतो तो अनुमती देणारा. मनुस्मृतीशी माझी भांडणं पुष्कळ आहेत. हा क्रम मात्र मला विचार करायला लावतो. जैन विचार आणखी काटेकोर आहे. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केल्यावर मान्य केलेलं, या तिन्हींतून कर्म चिकटतं. अंगुत्तर निकायात बुद्धानं उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यात सजीवांचा आणि मांसाचा व्यापार आहे.

या मोजमापात मी कुठं बसतो? पूर्वी वाटायचं, फार तर अनुमोदनात. आता तसं वाटत नाही. लांबच्या रँचवरून बोली लावणारा माणूस वळूला प्रत्यक्ष बघत नाही, माझा फोटो बघतो. त्याच्या मनात इच्छा जागी करणं हेच माझं काम आहे आणि त्याचेच मला पैसे मिळतात. हे करवण्याच्या उंबरठ्यावरचं आहे. मी नाही काढला तर दुसरा काढेल, हे खरं असलं तरी त्यानं माझा वाटा त्या दुसऱ्याकडे जात नाही. मी मांस खात नाही, त्यानंही तो कमी होत नाही.

मग हे काम का करतो? एक कारण पोटाचं. दुसरं असं, की या धंद्यात खोटा फोटो जनावरालाच भोवतो. हा खोटेपणा जुनाच आहे. थॉमस बेविक हा १८व्या-१९व्या शतकातला इंग्रज खोदचित्रकार. त्या काळी तिकडचे जमीनदार आपल्या धष्टपुष्ट गुरामेंढरांची चित्रं काढून घेत. जिथं चरबी दिसत नाही तिथं ती दाखवायला बेविकनं नकार दिला, असं त्यानं आठवणींत लिहून ठेवलंय. आज कॉम्प्युटरवर पाठ सरळ करणं, पाय दुरुस्त करणं मिनिटांचं काम आहे. ते मी करत नाही. वाकड्या पायाच्या वळूचा दोष पुढच्या पिढीत उतरतो आणि वर्षानुवर्षं चरायला चालणाऱ्या गाई तो भोगतात. एवढी काळजी घेणं माझ्या हातात आहे. त्यानं मी निर्दोष ठरत नाही, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "ठरू बी नगंस."

पण तिच्याच गोठ्यातलं एक बोलणं राहिलं होतं, ते मी काढलं. गावाकडे आता घरोघरी संकरित गाई आहेत, मळ्यात ट्रॅक्टर आहे. त्यांच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, औताला त्याचा उपयोग नाही. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्यानं होती, २०१५मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे गोऱ्ह्याला उघड गिऱ्हाईकही उरलं नाही. अनेक गोठ्यांत त्याला पुरेसं दूध मिळत नाही आणि तो आपोआप "जगला नाही" असं सांगितलं जातं. सुरी कुणीच चालवलेली नसते. दूध मात्र डेअरीत जातं, तिथून चहात, आणि एकादशीच्या खिरीतही.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, औंदाचा गोऱ्हा तिनं ठेवलाय.

माझा वाटा मी कबूल केला आहे आणि तो माझ्याच नावावर राहील. तुम्ही दूध घेत असाल तर उद्या दूधवाल्याला विचारा, गाई व्याल्या तेव्हा झालेले गोऱ्हे कुठं आहेत. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि एक गोऱ्हा जगवायला जो खर्च येतो तो दुधाच्या दरात द्यायची तयारी ठेवा.